मेडोलालची गवर

गवर यायची त्या दिवशी सकाळपासून हरेश मोकल हातांत पांढरे मोजे घालून बसला होता, आणि घरातल्या बाकीच्यांनी त्या मोज्यांचा धसका घेतला होता. मोजे चढले की हरेशला घर दिसत नसे, फक्त पाट्या दिसत. सणाचा दिवस, अंगणातलं सारवण अजून ओलं, चुलीवर भाकऱ्या, आणि हा एकसष्ट वर्षांचा गृहस्थ पुढच्या पडवीत पाटावर बसून कापसाच्या बोळ्याने एका अमेरिकन डुकराचे कान पुसतोय. अनिता दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा तिने तेरडा आणायला विहिरीवर कोण जाणार ते विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

गडब गावच्या त्या पडवीच्या भिंतींवर एकोणचाळीस पाट्या होत्या. सगळ्या इनॅमलच्या, पत्र्यावर भाजलेल्या रंगाच्या, आणि सगळ्या अमेरिकेतल्या शेतकऱ्यांसाठी काढलेल्या. खाद्याच्या पोत्यावर उभा राहून आरवणारा कोंबडा, पवनचक्कीचा पंप, मक्याच्या बियाण्याची पिशवी खांद्यावर टाकून हसणारा टोपीवाला म्हातारा, गव्हाच्या रानातून जाणारा तांबडा ट्रॅक्टर. आपलं घर दोन माणसांचं आणि एकोणचाळीस परदेशी पाव्हण्यांचं, असं अनिता आल्यागेल्याला सांगायची. त्या पाव्हण्यांना निदान चहा लागत नाही, एवढंच त्यांच्या बाजूने ती बोलायची.

हे वेड हरेशच्या अंगात कुठून आलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचे वडील जनू मोकल हे ट्रॅक्टरचे डेमो ड्रायव्हर होते. साठच्या दशकात एका अमेरिकन कंपनीने पेणला डेपो उघडला, तिथे भाताच्या शेतांसाठी ट्रॅक्टर आला, आणि तो चालवून दाखवायला एक धीट माणूस हवा होता. कंपनीचं नाव मेडोलार्क. तिकडच्या एका पिवळ्या छातीच्या पाखराचं ते नाव, हे इकडे कुणाच्या गावी नव्हतं. लोकांनी त्याचं मेडोलाल केलं, आणि मेडोलाल म्हटल्यावर तो कुणीतरी शेठ असणार हे ओघानेच आलं. मेडोलाल शेठचा ट्रॅक्टर आला, मेडोलाल शेठ फार लांब राहतो, त्याला म्हणे हजार एकर रान आहे. जनूने पेणपासून रोह्यापर्यंत गावोगाव तो ट्रॅक्टर फिरवला. चढावरच्या वरकस जमिनीवर तो शहाण्यासारखा चालायचा आणि खाडीकाठच्या खारात उतरला की पोटापर्यंत रुतून बसायचा. मग चार जोड्या रेडे लावून शेठच्या ट्रॅक्टरला बाहेर ओढत, आणि पोरंटोरं टाळ्या पिटत.

चार-पाच वर्षांत कंपनीने गाशा गुंडाळला. ट्रॅक्टर गेला, डेपो गेला, मागे राहिल्या पाट्या. खाऱ्या वाऱ्यात कसलाही पत्रा दोन पावसाळ्यांत गंजतो, पण हा गंजत नाही, हे लोकांच्या लगेच लक्षात आलं. पाट्या घरोघर गेल्या. कुणी न्हाणीला दार केलं, कुणी विहिरीवर झाकण, शेजारच्या कासू गावात एकाने कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकली. हरेशने कारखान्यातल्या शिफ्ट सांभाळून तीस वर्षं त्या परत गोळा केल्या. त्याची रीत ठरलेली होती. पाटी दिसली की तो दुसऱ्या दिवशी सायकलला नवा कोरा पत्रा बांधून हजर व्हायचा, जुना स्वतः काढायचा, नवा स्वतः ठोकून द्यायचा, आणि खुराड्यातल्या कोंबड्या घाबरल्या असतील तर मालकिणीची माफी मागायचा. पुढे भंगारवाले त्याला ओळखायला लागले. मुलगी सुरभी मोठी झाल्यावर तिने त्याला इंटरनेटवर नेलं, मग खुद्द अमेरिकेतूनही दोन-चार आल्या.

जनूला मात्र पाट्यांचं काही नव्हतं. त्याला गाव बघायचं होतं. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात कंपनीच्या गावाचं नाव असायचं, मार्लो, आयोवा. संध्याकाळी ओट्यावर बसून तो म्हणायचा, एकदा मेडोलालच्या गावाला जायचंय, त्या मातीत ट्रॅक्टर कसा चालतो ते बघायचंय. मरायच्या आधल्या आठवड्यातही तो हेच बोलला होता. पासपोर्ट कसा काढतात हे त्याने आयुष्यात कुणाला विचारलं नाही.

आता त्याच मार्लो गावातून बोलावणं आलं होतं, जनूला नव्हे, पाटीला.

पाटी म्हणजे ती. चाळिसावी. ती पडवीत कधीच नव्हती, ती देवघराशेजारच्या लाकडी पेटीत असायची. दीड हात उंचीची, पिवळ्या रंगावर एक तरणी बाई, डोक्याला निळा रुमाल, दोन्ही हातांत पिकलेली कणसं कवटाळलेली, कपाळ रुंद, चेहरा हसरा. मागे लांबवर बोटाएवढा ट्रॅक्टर. सुरभीने तिचा फोटो मार्लोच्या शेतकी संग्रहालयाला पाठवला होता, आणि तिथल्या डोना नावाच्या बाईंनी कळवलं होतं की ही पाटी त्यांच्याकडेही शिल्लक नाही, कुठेच नाही. ती संग्रहालयाला कायमची मिळाली तर खाली ‘जनू मोकल, ट्रॅक्टर चालक, पेण’ असं पितळी अक्षरांत लिहू. पाटीची स्थिती उत्तम आहे, फक्त कपाळावर एक ओरखडा दिसतो, तो दुरुस्त होण्यासारखा आहे का?

हरेशने ते पत्र सुरभीकडून चार वेळा वाचून घेतलं होतं. बाबांचं नाव मेडोलालच्या गावात. तो होकार देऊन मोकळा झाला. ओरखड्याचं काय विचारता, पेणला गणपतीचे डोळे आखणारे हात आहेत. गवर बोळवली की परवा काळुराम येणार होता, मूर्तींची आखणी करणारा, मधासारख्या रंगाची एक वाटी घेऊन. तो कपाळ भरून देणार, आणि सोमवारी पाटी जाणार. खोकं तयार होतं. पडवीच्या कोपऱ्यात, आतून फोम लावलेलं, दीड हात उंचीचं.

घरात हे कुणालाच पसंत नव्हतं असं नाही. पेणला राहणारा धाकटा भाऊ जगन तर खुशीत होता. त्याने अर्ध्या पेणला सांगून ठेवलं होतं की आमच्या म्हाताऱ्याचं नाव अमेरिकेत लागतंय. शिवाय त्याच्या सासुरवाडीचे लोक गेली वीस वर्षं ‘तुमच्याकडे मडमेची पूजा’ म्हणून हसत होते, ते एकदाचं बंद होईल आणि घरात चारचौघांसारखी कागदाची गवर येईल, असाही त्याचा हिशेब होता. विरोधात एकटी अनिता होती, आणि तिचा विरोध म्हणजे न बोलणं. गेले पंधरा दिवस ती नवऱ्याशी जेवणाखाणापुरतं बोलत होती.

कारण ती पाटी ही मोकलांची गवर होती.

हरेश सात वर्षांचा असताना भादव्यातल्या उधाणाने खारबांध फुटला आणि पाणी घरात शिरलं. ट्रंकेतली कागदाची गवर भिजून लगदा झाली. पेणचा रस्ता पाण्याखाली, नवी आणायची सोय नाही. जनू ट्रॅक्टर घेऊन रोह्याकडे गेलेला, त्याचा चार दिवस पत्ता नाही. हरेशची आई काशीबाई गोठ्यात गेली, तिने भिंतीला लावलेली पाटी उपटून काढली, धुतली, तिला आपलं हिरवं लुगडं नेसवलं, त्यात इंग्रजी अक्षरं आणि ट्रॅक्टर दोन्ही झाकून टाकले, भोवती तेरडा बांधला आणि चौरंगावर बसवली. शेजारणींनी तोंडाला पदर लावले. काशीबाई म्हणाली, गवर कागदावर येते तर पत्र्यावर का नाय येनार. गवर बसल्यापासून तिसऱ्या दिवशी जनू रोह्याहून चालत घरी आला, गुडघ्यापर्यंत चिखल, पण धड. त्यानंतर काशीबाईने कागदाची गवर घरात घेतली नाही. बेचाळीस वर्षं मेडोलालची गवर बसली, आणि बेचाळीस वर्षं काशीबाईने तिच्या कपाळावर एकाच ठिकाणी करंगळीशेजारच्या बोटाने कुंकू टेकवलं.

काशीबाई गेली त्या वर्षी घरात सण नव्हता. हरेशने त्या फुरसतीत गवर पेटीतून काढली आणि साफ केली. त्याचा हेतू चांगलाच होता. तिच्यावर कुंकू, हळद, तेल आणि उदबत्तीच्या धुराचा पापडीएवढा जाड थर होता. मोजे घालून, औषधात बुडवलेल्या बोळ्यांनी, चार दिवस खपून त्याने तो उतरवला, आणि खालून पिवळाधमक रंग वर आला तेव्हा त्याला वाटलं, आई बघायला हवी होती. पुढच्या वर्षी मोठी बहीण सरू, त्याची बाय, गवरीला माहेरी आली. तिला रोहा तालुक्यात खांबला दिलेली. लग्न झाल्यापासून तिने गवर चुकवली नव्हती, विहिरीवरून तेरडा तीच घरात आणायची. ती देवघरापाशी आली, तिने चौरंगाकडे बघितलं, आणि ती खाली बसलीच नाही.

‘आयेचा हात पुसून टाकलास तू,’ ती म्हणाली, आणि पिशवी उचलून हायवेवर जाऊन उभी राहिली.

दहा गवरी तशाच गेल्या. लग्नाकार्यात दोघं एका मांडवात असायची, पण पंगतीच्या दोन टोकांना. भाऊबीजेला ती पेणला जगनकडे जायची, हरेश तिथे साडी पाठवायचा. फोन केला तर ‘बरी हाय’ म्हणायची आणि फोन विशालकडे द्यायची. विशाल तिचा मुलगा. हरेशने ह्या सगळ्याचा स्वतःशी निकाल लावून टाकला होता, की बायचा स्वभावच तापट. पण गवर यायच्या दिवशी दुपारी उंबऱ्यापाशी अनिताने पिठाची पावलं काढायला घेतली की त्याचे डोळे उगाच रस्त्याकडे जायचे. खांबहून येणारी गाडी गावाच्या थांब्यावर थांबते की पुढे पेणला जाते, एवढं तो दहा वर्षं बघत आला होता.

आणि ह्या वर्षी चतुर्थीच्या आधी विशालचा फोन आला. आई येतेय गवरीला. तिला एकदा गवर बघायची हाय म्हणते.

फोन ठेवल्यावर पहिला आनंद झाला तो हरेशला झाला, आणि पहिली शंकाही त्यालाच आली. अमेरिकेची बातमी खांबला पोचलेली दिसते. ती गवर मागणार. जगनने तर ठामच सांगितलं की ती न्यायलाच येतेय, आणि गवर ही माहेरची, ती लेकीबरोबर सासरी जात नसते, हे तिला तोंडावर सांगायची तयारी ठेव. अमेरिकेला गेलेली चालते नि खांबला गेलेली चालत नाय, असं अनिता भाकरी थापता थापता म्हणाली. पंधरा दिवसांतलं तिचं ते सर्वांत लांब वाक्य होतं. जगन तरी मागे हटला नाही.

सुरभी पनवेलहून आदल्या दिवशी आली होती. पत्रव्यवहार तिनेच केलेला, त्यामुळे ती बापाच्या बाजूची समजली जात होती. पण आईबरोबर भाजी निवडताना दोघींत काय बोलणं झालं कोण जाणे, दुपारी ती पडवीत येऊन खोक्याकडे बघत उभी राहिली आणि तिने विचारलं, पप्पा, आत्याने मागितली तर? हरेशने डुकराचे कान पुसायचं थांबवलं नाही. आपण शब्द दिलाय, तो म्हणाला, आणि बाबांचं नाव लागतंय. त्याला आणखी काहीतरी बोलायचं होतं. दहा वर्षांनी बहीण येतेय आणि मी तिला नाही म्हणायची तालीम करतोय, हे त्याला नीट कळत होतं, आणि ते कुणाजवळ बोलता येत नव्हतं.

ऊन कलताना विशालची गाडी अंगणाबाहेर थांबली.

विशाल उतरला, त्याने पलीकडे जाऊन दार उघडलं, आईचा हात धरला. सरूने आधी पाय जमिनीवर ठेवून पाहिला, मग दुसरा ठेवला. हिरवी साडी, केस पांढरे झालेले. ती घराकडे तोंड करून उभी राहिली, पण तिची नजर घराच्या थोडी डावीकडे होती, जिथे पूर्वी गोठा होता. हरेश पडवीच्या पायरीवर उभा होता, तिच्यापासून दहा पावलांवर. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. त्याला वाटलं, अजून राग आहे.

‘कंदी दिसायचं बंद झालं, वन्सं?’ अनिताने विचारलं. बाईमाणसाला ते एका क्षणात कळलं होतं.

काचबिंदू, विशालने सांगितलं. एक डोळा दोन वर्षांपूर्वी गेला, दुसऱ्याला आता उजेड तेवढा कळतो. मामांना सांगू नको म्हणाली होती. जगनमामांना सांगितलं होतं थोडं. जगनने डोळ्यांचा जरा प्रॉब्लेम आहे असं कधीतरी म्हटल्याचं हरेशला आठवलं, आणि ह्या वयात कुणाला नसतो असं आपण म्हटल्याचंही आठवलं. तो पायरीवरच राहिला. गवर बघायची हाय म्हणणाऱ्या बाईला दिसत नाही, हे त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

सरूला विहिरीवर जायचं होतं. दहा वर्षं अनिताच तेरडा आणत होती, अनिताच उंबऱ्यात विचारत होती आणि अनिताच उत्तर देत होती, कारण घरात दुसरी सवाशीण नव्हती. ह्या वर्षी ती सरूचा हात धरून विहिरीपर्यंत गेली, आणि येताना तेरड्याचा भारा सरूच्या छातीशी होता, गुलाबी फुलं तिच्या हनुवटीला लागत होती. उंबऱ्यात अनिताने तिच्या पायांवर दूध-पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. आता घर दाखवायचं. गवर नवी आलेली असते, तिला माहीत नसतं कुठे काय आहे, म्हणून तिला एकेका खोलीत नेतात, ती विचारते, घरातलं माणूस सांगतं, आणि सगळं उदंड आहे असंच सांगायचं असतं, नसलं तरी.

अनिता बाजूला झाली.

‘तुमी दाखवा,’ ती नवऱ्याला म्हणाली. ‘घर तुमचं नि त्यांचं हाय.’

पुरुषाने गवरीला घर दाखवलं असं गडबमध्ये कुणी ऐकलं नव्हतं. गवरीसाठी पेणहून आलेला जगन काहीतरी बोलायला गेला, सुरभीने त्याच्याकडे बघितलं, तो थांबला. हरेश पुढे आला आणि त्याने बहिणीचं कोपर धरलं.

‘हाताला काय झालंय तुझ्या?’ सरूने विचारलं. ‘पट्टी हाय का?’

‘नाय. मोजे हायत.’

‘काढ की मग. मी काय पाटी हाय का?’

हरेशने मोजे काढले. सकाळपासून घामाने ते हाताला चिकटले होते. ते कुठे ठेवावेत कळेना म्हणून त्याने सुरभीच्या हातात दिले, आणि उघड्या हाताने सरूचं कोपर पुन्हा धरलं. ते काशीबाईच्या कोपरासारखंच लागलं, हाडावर सैल कातडी.

ती दोघं घरातून चालली. इथं काय हाय, सरू विचारायची, विधीत विचारतात तसंच, पण ह्या वेळी तिला खरंच ठाऊक नव्हतं. इथं चूल हाय, हरेश सांगायचा, भाकऱ्या उदंड हायत. इथं काय हाय? इथं कणगी होती, आता पिंपं हायत, भात उदंड हाय. इथं आयेची खाट होती, आता सुरभीचं टेबल हाय. एक पायरी हाय, सांभाळ. अशी पायरी विधीत नव्हती, पण ती सांगणं भाग होतं. सरू प्रत्येक खोलीत मान हलवायची. मनातलं घर आणि पायाखालचं घर ती जुळवून घेत होती, आणि हरेशला सांगता सांगता आपलंच घर नव्याने दिसत होतं. आढ्याला अडकवलेली बाबांची कंदिलाची कडी त्याने किती वर्षं बघितली नव्हती.

पडवीत आल्यावर तिने विचारलं, ‘आन इथं?’

‘इथं पाट्या हायत,’ हरेश म्हणाला, आणि जरा ओशाळून पुढे म्हणाला, ‘उदंड हायत.’

सरू हसली. दहा वर्षांनी त्याने तिचं हसू ऐकलं. तेरडा डाव्या हातात घेऊन तिने उजवा हात भिंतीकडे नेला आणि बोटांनी पाट्या बघायला सुरुवात केली. एरवी इनॅमलला कुणी बोट लावलं तर हरेश ओरडायचा. आता त्याने तिला हात फिरवू दिला. टोपीवाल्या म्हाताऱ्याच्या पाटीच्या कडेला तिला खिळ्यांची तीन भोकं लागली, ती थांबली. ‘ही तर आपल्या न्हानीचं दार,’ ती म्हणाली. ‘कडी इथं होती. तू आत बसून रडायचास, डोळ्यांत साबन गेला म्हनून.’ ते बरोबर होतं. हरेशने आपल्या वहीत त्या पाटीपुढे ‘कडेला तीन भोकं’ एवढंच लिहिलं होतं.

मग कोपऱ्यातल्या खोक्याला तिचा पाय लागला.

‘आन ह्यात काय हाय?’

ह्याचं उत्तर उदंड असं देता येत नव्हतं. ‘काय नाय,’ हरेश म्हणाला. ‘रिकामं हाय.’ आणि तो तिला देवघराकडे घेऊन गेला.

चौरंगावर गवर बसलेली होती, काशीबाईच्या हिरव्या लुगड्यात. सरूने तेरडा अनिताकडे दिला आणि ती पाटावर बसली. हरेशला आता वाटत होतं की ती मागणार. नाही म्हणायचे शब्द त्याने तयार ठेवले होते, ते आता सगळे खोटे वाटत होते. पण सरूने काही मागितलं नाही. तिने कुंकवाची वाटी मागितली. वाटीत बोट बुडवलं, आणि डाव्या हाताने गवरीचा चेहरा चाचपत, रुमाल, भुवया, मग कपाळ, अशी ती वर गेली. कपाळाच्या मधोमध तिचं बोट थांबलं. ते तिथेच पुढे-मागे फिरलं. तिचा चेहरा एकदम लहान पोरीसारखा झाला.

‘हाय,’ ती म्हणाली. ‘हाय रं. हितंच हाय.’

‘काय हाय, बाय?’

‘आयेनं घासलेलं.’

हरेशला कळेना. तिथे एक ओरखडा होता, तो त्याने कितीदा तरी भिंगातून बघितला होता. वहीत लिहिलं होतं: दोष, कपाळावर ओरखडा, बहुधा गुराच्या शिंगाचा.

‘शिंगाचा कुठला,’ सरू म्हणाली. ‘तू निजला होतास, जगन पाळन्यात. मी धरून होते हिला. गुळगुळीत पत्रा, कुंकू राहीना. आये लावायची, ते घसरून पडायचं. चार वेळा पडलं. बाबांचा पत्ता नाय, नि कुंकू राहात नाय. आयेचा जीव थाऱ्यावर नव्हता. मग तिनं खापरीचा तुकडा घेतला नि हिचं कपाळ घासलं. रंग खरवडला तेव्हा कुंकू बसलं. आये घासत होती नि रडत होती. मना म्हनते, हिला दुखत असंल गो.’

तिच्या बोटावरचं कुंकू आता कपाळावर होतं, आणि ते पडत नव्हतं.

‘मना वाटलं, तू हे पन घासून गुळगुळीत केलंस,’ ती म्हणाली. ‘त्या वर्षी डोळ्यांनी बघितलं तर काय पन दिसेना, नुसतं चकचकीत. हात लावून बघायचा धीर झाला नाय. नसतं लागलं तर? आता डोळेच गेले, तर म्हटलं एकदा बोटानं बघून घेऊ. तू रोज बघत असशील. तुना कधी लागलं नाय?’

हरेशने मान हलवली, मग ती दिसणार नाही हे लक्षात येऊन म्हणाला, ‘नाय.’ चाळीस पाट्यांत सर्वांत जास्त वेळ त्याने ह्या पाटीवर घालवला होता, आणि उघड्या बोटाने तिला एकदाही हात लावला नव्हता. परवा काळुराम येणार होता. मधासारख्या रंगाची वाटी घेऊन.

तो बहिणीशेजारी जमिनीवर बसला. सरूने त्याचा हात धरून त्याचं बोट त्या जागी नेलं. कुंकवाखाली ते लागलं, करंगळीच्या नखाएवढं, खरखरीत, आईने रडत रडत केलेलं. त्याने बोट काढलं नाही. त्याला काशीबाई आठवली नाही, तिचं घासणं ऐकू आलं, जे त्याने झोपेत ऐकलं असणार. दहा वर्षं तो रस्त्याकडे बघत होता ते कशासाठी, हे त्याला आत्ता कळलं. एकट्या बहिणीसाठी तो बघत नव्हता. आई कशी होती हे ठाऊक असलेलं घरातलं शेवटचं माणूस खांबला होतं, आणि त्याने त्या माणसाला हायवेवर उभं केलं होतं.

‘बाय, मी ही द्यायला निघालो होतो,’ तो म्हणाला. ‘मेडोलालच्या गावाला. बाबांचं नाव लावनार होते खाली.’

‘ठाव हाय मना. म्हनून तर आले.’ सरूने गवरीचा पदर सारखा केला. ‘बाबांना लय जायचं होतं तिथं. खरं हाय ते. पन आयेला कुठं जायचं होतं?’

जगन दारात उभा होता. पाळण्यात असताना घडलेली ही गोष्ट त्याला पंचावन्नाच्या घरात पहिल्यांदा कळत होती. बाबांच्या नावाचं काय, असं त्याने विचारलं, पण जोर नव्हता त्यात. हरेशलाही ते बोचलंच. पितळी अक्षरं त्याने मनात पंधरा दिवस घासून चकचकीत ठेवली होती. ती आता लागणार नव्हती, आणि ओट्यावरच्या त्या म्हाताऱ्याचं मेडोलालचं गाव आता कायमचं राहिलं. बाबा हसले असते आणि रागावलेही असते, दोन्ही. जगन थोडा वेळ तिथे घुटमळला, मग आत येऊन गवरीसमोर वाकला, आणि बाहेर जाताना त्याने पडवीतलं खोकं उचलून माळ्यावर टाकलं.

भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला. सरूने तीनही दिवस राहायचं ठरवलं, म्हणजे अनितानेच ठरवलं आणि विशालला परत पाठवलं. अनिता पुन्हा बोलायला लागली होती, इतकं की हरेशला ऐकायला दम लागत होता. पांढरे मोजे तिने सुरभीकडून मागून घेतले आणि चुलीवरून तवा उतरवायला वापरले.

सुरभी फोन घेऊन त्याच्याजवळ येऊन बसली. डोनाबाईंना आजच कळवायला हवं, ती म्हणाली, सोमवारची सगळी व्यवस्था त्यांनी केलीय, आणि त्या भल्या बाई आहेत, त्यांना खरं कारण सांगायला हवं. नुसतं नाही म्हणून चालणार नाही. पाटी विकली का, फुटली का, हरवली का, विचारतील त्या. काय लिहू?

हरेशने देवघराकडे बघितलं. सरू चौरंगाशी टेकून बसली होती, तिचा एक हात अजून गवरीच्या लुगड्यावर होता, आणि ती अनिताला सांगत होती की तेरडा ह्या वर्षी बारीक आलाय.

‘लिही,’ तो म्हणाला, ‘की पाटी अजून वापरात हाय.’